बारा वर्षांचा दांडा

ऑगस्टातल्या त्या शनिवारी थॉर्नसीच्या समुद्रकाठी सकाळी दहालाच एवढी झुंबड उडाली होती की लॉरेन सग्डनला व्हॅन लावायला जागा मिळेना. तिचा थोरला भाऊ नेव्हिल शेजारच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत "अजून थोडी मागे, अजून थोडी" असं सांगत होता, आणि दर खेपेला व्हॅन आइस्क्रीमवाल्याच्या गाडीला टेकता टेकता राहत होती.

"तू सांगतोयस म्हणून मी मागे घेत नाहीये," लॉरेन म्हणाली. "मला आरशात दिसतंय."

"आरशात दिसतं, तर मागच्या आठवड्यात खांबाला कशी घासलीस?"

"तो खांब आधी तिथं नव्हता."

नेव्हिलने मान आत घेतली. एरवी त्याने अजून दोन टोमणे मारले असते, पण आज बहिणीची गत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. पहाटे पाचला उठून तिने तिसऱ्यांदा दांडा धुतला होता. नाश्त्याचा टोस्ट तिने हातात घेतला, फिरवला आणि तसाच कुत्र्याला घातला.

लॉरेन बावन्न वर्षांची होती आणि गेली चोवीस वर्षं थॉर्नसीच्या काचा पुसत होती. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली हॉटेलं, त्यांच्या मागच्या गल्लीतली घरगुती लॉजेस, दवाखाना, वाचनालय, सगळीकडच्या काचा तिच्या. आधी बहीण-भाऊ दोघंही शिडीवर चढायचे. बारा वर्षांपूर्वी नेव्हिल तिसऱ्या मजल्यावरून शिडीसकट खाली आला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तो इस्पितळात असतानाच लॉरेनने जाऊन हा दांडा आणला. पंचावन्न फुटी, कार्बनचा, एकात एक सरकणाऱ्या आठ नळ्यांचा. टोकाला ब्रश, आतून पाण्याचा पाइप. माणूस जमिनीवर उभा राहून पाचव्या मजल्याची काच धुतो. आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने चर्चच्या घड्याळाची काच खालून पुसली आणि गावच्या पेपरात तिचा फोटो आला. ते कात्रण आज प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने सोबत घेतलं होतं, कारण आज पुरावा लागणार होता.

त्याचं असं झालं होतं. लॉरेनचा दांडा जिने बनवला होता त्याच कंपनीने सीक्रेस्ट हॉटेलपुढच्या हिरवळीवर तंबू ठोकला होता. आख्ख्या जिल्ह्यातल्या काचा पुसणाऱ्यांना बोलावणं होतं. ज्याचा दांडा रोजच्या वापरात सगळ्यांत जास्त वर्षं टिकलाय, त्याला कंपनीचा साठ फुटी नवा कोरा दांडा कारखान्यातून घरपोच. अट एकच. सगळ्यांसमोर दांडा पूर्ण लांबीला उघडायचा आणि हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरची एक काच धुऊन दाखवायची.

तंबूत पोचल्यावर लॉरेनने भराभर नजर फिरवली. वीस-बावीस जण होते. कुणाचा तीन वर्षांचा, कुणाचा चार. एकाचा सहा वर्षांचा होता, पण त्याच्या नळ्या आवळून धरणाऱ्या खटक्यांना रबरबँड गुंडाळलेले होते. मांडणीवर कंपनीचे दांडे होते ते नुसते नमुन्याचे, पंचवीस फुटी. त्यांच्यामागे गॅरेथ प्रॉबर्ट नावाचा कंपनीचा माणूस उभा होता. वेल्समधला, चाळिशीचा, उन्हात टाय लावलेला, बोलायला मऊ.

"लोक मला एकच प्रश्न विचारतात," तो सांगत होता. "रोज वापरला तर किती टिकेल? मी खरं सांगतो. चांगला दांडा पाच वर्षं. जपलात तर सात. आणि तुमच्यासारखं समुद्रकाठी काम असेल तर चारच धरा. वाळू नळ्यांच्या मधे शिरते आणि सरकवताना किसणीसारखी घासते. वरून खारा वारा, ऊन."

"बारा," लॉरेन म्हणाली.

गॅरेथने वळून पाहिलं. "काय म्हणालात बाई?"

"माझा बारा वर्षांचा आहे. रविवार सोडून रोज."

तंबूत कुजबुज झाली. त्या कुजबुजीतून एक ओळखीचा आवाज वर आला. डेरिक होलरॉइड. गावातली अर्धी हॉटेलं लॉरेनकडे, तर उरलेली अर्धी डेरिककडे. त्याचा चाळीस फुटी दांडा नऊ वर्षांचा होता आणि लॉरेन येईपर्यंत तो बक्षीस खिशात घातल्यासारखा उभा होता.

"बारा वर्षांचा कसला?" डेरिक म्हणाला. "खालची नळी हिने दोनदा बदललीये. खटके तर सगळेच नवे. ब्रशांची गणतीच नाही. मग जुनं उरलं काय, सावली?"

"डेरिक, तुझे दोन्ही गुडघे बदललेत," लॉरेन म्हणाली. "वरचे दात बदललेत. तरी तुझी बायको तुला घरात घेतेच ना?"

सगळे हसले. डेरिकही हसला, पण म्हणाला, "घेते, पण कुरकुरत."

गॅरेथने कात्रण वाचलं, मग दांडा आडवा घेऊन दोन टेबलांवर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा विक्रेता हळूहळू मावळला आणि आत दडलेला कारागीर वर आला. नळ्यांवरची झिलई तळव्यांच्या घर्षणाने जाऊन त्या नदीतल्या गोट्यांसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. एक नळी त्याने बाहेर ओढली. ती लोण्यातून सुरी यावी तशी सरकली.

"तेल लावता?"

"तेल कशाला लावू? तेलाला वाळू चिकटते. रोज संध्याकाळी आठही नळ्या सुट्ट्या करायच्या, स्वच्छ पाण्याने आतून-बाहेरून धुवायच्या, वाळवायच्या. चहा त्यानंतर."

"रोज?"

"हिच्या लग्नाच्या दिवशीही धुतला होता," नेव्हिल म्हणाला. "दुसऱ्या लग्नाच्या."

गॅरेथने खिशातून एक नाणं काढलं आणि कान जवळ नेऊन नळीवर टकटक करत पुढे सरकू लागला. टक, टक, टक. आवाज कोरडा, स्वच्छ. खालची नळी झाली, दुसरी झाली. लॉरेन त्याच्याबरोबर नळीनळीने पुढे सरकत होती. टोकाकडून चौथ्या नळीच्या तोंडापासून वीतभर खाली आवाज बदलला. ठप. त्याने पुन्हा वाजवलं. ठप.

तंबूतल्या प्रत्येकाला तो ऐकू आला.

"इथं आतले थर सुटलेत," गॅरेथ हळू आवाजात म्हणाला. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

लॉरेनला मार्चपासून माहीत होतं. बाहेरून तिने राळ लावून धागा गुंडाळला होता आणि मनाशी ठरवलं होतं की तो सांधा आता पक्का झालाय. ती म्हणाली, "दुरुस्त केलंय."

"बाहेरून केलंय. पूर्ण लांबीला उघडला आणि वाऱ्याने वाकवला, तर इथेच मोडेल. खाली माणसं असतात. मी परवानगी नाही देऊ शकत. मला वाईट वाटतंय, पण नाही."

लॉरेनने दांड्याकडे हात पुढे केला. तिला भांडायचं होतं. हा दांडा मी रोज पूर्ण लांबीला उघडते, असं तोंडापर्यंत आलं होतं, पण ते खरं नव्हतं. मार्चपासून ती चौथ्या मजल्याच्या वर गेलीच नव्हती. नेव्हिलने तिच्या कोपराला हात लावला. आणि तेवढ्यात बाहेर कुणीतरी किंचाळलं.

हिरवळीला लागूनच उन्हाळी जत्रेचा आकाशपाळणा होता. तो थांबला होता. थांबणं नेहमीचंच, पण या वेळी आधी लोखंडात लोखंड अडकल्यासारखा कर्कश आवाज झाला होता, सगळे पाळणे एकदम हेलकावले होते आणि वरची माणसं दांड्या घट्ट धरून बसली होती. खाली सिड नावाचा पाळणेवाला पेटीतली बटणं एकामागून एक दाबत होता. काही होत नव्हतं.

"चाकाचे दाते अडकलेत," तो म्हणाला. "हाताने फिरवायची सोय आहे, तीही फिरेना. मेकॅनिकला फोन केलाय. पाऊण तास."

लोक हसत होते, वर हात करत होते, फोटो काढत होते. पाऊण तास वर बसायला मिळालं तर मजाच, असं खालच्यांचं मत होतं. गर्दीतून एक बुटकी बाई मात्र दोन्ही खांद्यांवर एकेक पर्स अडकवून सैरावैरा धावत होती. सत्तरीची असेल. ती दिसेल त्याला धरत होती आणि एकच सांगत होती.

"माझी बहीण वर आहे. तिची पर्स माझ्याकडे आहे. तिचा पंप पर्समध्ये आहे."

लॉरेनने तिला थांबवलं. "कसला पंप?"

"दम्याचा. ग्रेटाचा. मला उंचावर भोवळ येते म्हणून मी खाली थांबले. ती म्हणाली, मेव्हिस, पर्स धर, वरून पडेल. आणि मी धरली हो."

"कुठल्या पाळण्यात?"

मेव्हिसने बोट दाखवलं. अगदी वरच्या टोकाच्या एक अलीकडे, पंचावन्न-छप्पन फुटांवर, निळा पाळणा. त्यात दोन माणसं दिसत होती. एक बाई पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. खांदे वर-खाली होत होते. दम्याचं माणूस ज्याने पाहिलंय त्याला ते बसणं लांबूनही ओळखू येतं. दुसरा एक धिप्पाड टकला पुरुष होता, मांडीएवढे दंड, दंडांवर गोंदवलेलं, आणि तो मधला खांब मिठीत घेऊन डोळे मिटून बसला होता.

"अँब्युलन्स?" लॉरेनने सिडला विचारलं.

"निघालीये. पण अँब्युलन्स येऊन करणार काय, खाली उभी राहणार. शिडीची गाडी पाहिजे. तीही निघालीये, पण कार्निवलची मिरवणूक आहे ना रस्त्यावर. अर्धा तास म्हणतायत."

लॉरेनने पाळण्याकडे पाहिलं. मग तिने मागे पाहिलं. नेव्हिल तिच्याआधीच तंबूकडे लंगडत निघाला होता.

"नेव्ह," ती ओरडली, "ब्रश काढून आण."

पुढची दहा मिनिटं पुढे कित्येक दिवस ती सांगत राहिली, आणि दर वेळी तिला त्यातलं काहीतरी नवीन आठवायचं. दांडा घेऊन नेव्हिल, डेरिक आणि गॅरेथ असे तिघं धावत आले. गॅरेथचा टाय खांद्यावरून मागे गेला होता. डेरिक म्हणाला, "माझा चाळीसच फूट आहे, नाहीतर मीच..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं.

"बाई, ती चौथी नळी," गॅरेथ म्हणाला.

"माहीत आहे."

"नमुन्याची एखादी नळी घालून बघू?"

त्याने आणलेली नळी त्यांनी लावून पाहिली. नव्या मापाची, जाड. आत जाईना. त्याने ती हिरवळीवर टाकली.

लॉरेन गुडघ्यांवर बसली. तिने चौथ्या नळीवर, राळेच्या गाठीवर अंगठा ठेवला आणि डोकं शांत ठेवून विचार केला. तिसरी नळी चौथीच्या आतून सरकते. ती पूर्ण बाहेर काढली तर चौथीचं तोंड पोकळ राहतं, आणि सगळा भार भेगेवर येतो. पण तिसरी दीड फूट आतच राहू दिली तर?

"आतून आधार," ती म्हणाली. "तिसरी नळी दीड फूट आत ठेवायची. मोडक्या हाताला फळी बांधतात तशी."

गॅरेथने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "चालेल. पण दीड फूट कमी पडेल."

"ते वर गेल्यावर बघू. नेव्ह, करंट."

कार्बनमधून वीज तारेतून जावी तशी जाते, आणि त्या पाळण्याच्या प्रत्येक दांडीवर रंगीत दिवे होते. सिड म्हणाला, मी बटण बंद केलंय. नेव्हिल म्हणाला, बटणावर माझा विश्वास नाही. तो पेटीपाशी गेला, सिडला बाजूला सारलं, मुख्य खटका खाली ओढला आणि फ्यूज उपटून काढला. परत येऊन त्याने तो बहिणीला दाखवला.

"हा बघ. माझ्या हातात आहे. आता वाढव."

मेव्हिसने चष्म्याचं मऊ पाकीट रिकामं करून दिलं. त्यात निळा पंप घातला, दोरीने तोंड बांधलं, वर मोठा फास ठेवला आणि तो फास दांड्याच्या टोकाच्या, ब्रश बसवायच्या वाकड्या मानेत अडकवला. डेरिकने आपल्या दमदार आवाजात लोकांना मागे हटवलं. "दांडा मोडला तर डोक्यात पडेल. ज्याला डोकं नकोय त्याने पुढे यावं." गर्दी वीस पावलं सरकली. हसणं थांबलं होतं. आता सगळ्यांना कळलं होतं.

डेरिकने बुंध्याला पाय लावला. लॉरेनने सगळ्यांत बारीक नळीचा खटका सोडला आणि ती वर ढकलली. खटका बंद. मग दुसरी. पाकीट वर वर जाऊ लागलं. तिसरी नळी तिने मोजून सरकवली आणि दीड फूट आत ठेवून खटका दाबला. चौथी, पाचवी, सहावी. दांडा जसजसा उंच जाईल तसतसा त्याचा शेंडा समुद्राच्या वाऱ्यावर डुलू लागला. गॅरेथ उजवीकडून धरत होता, नेव्हिल डावीकडून. दोघांचे हात तिच्या हातांखाली होते, पण दिशा तिची होती. चोवीस वर्षांत तिने उंच टोकाला इंचा-इंचाने हलवायचं शिकून घेतलं होतं. शेंड्याकडे बघायचं, हाताकडे नाही. वाऱ्याशी भांडायचं नाही. तो वाकवतो तेवढं वाकू द्यायचं आणि तो सोडतो त्या क्षणी पुढे जायचं.

सातवी नळी. आठवी म्हणजे बुंधाच.

पाकीट निळ्या पाळण्याच्या खाली येऊन थांबलं. अजून तीन फूट.

"पुरत नाही," सिड म्हणाला.

"उचला," लॉरेन म्हणाली. डेरिकने पाय काढला. दोन्ही हातांनी बुंधा धरून त्याने आणि गॅरेथने तो जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचलला, मग मांडीपर्यंत. डेरिकचे नवे गुडघे कुरकुरले, पण टिकले. आता दीड फूट. त्यावर काही उपाय नव्हता. वरच्या माणसाने हात खाली करायला हवा होता.

ग्रेटाला ते शक्य नव्हतं. तिने मान वर केली, पाकीट पाहिलं आणि मान पुन्हा खाली गेली.

"ए, वरच्या दादा," लॉरेन ओरडली. "नाव काय तुझं?"

टकल्या माणसाने डोळे उघडले नाहीत. "डूगल," तो म्हणाला. त्याच्या ग्लासगोकडच्या जाड स्कॉटिश उच्चारातही नाव कळलं.

"डूगल, राजा, काय काम करतोस?"

"बस चालवतो."

"डबलडेकर?"

"हो."

"मग वरच्या मजल्यावर बसतोस कधी?"

"मी कशाला बसू? मी खाली असतो." त्याने खांब अजून आवळला. "मी पैज हरलो म्हणून आलो इथं. मला खाली बघता येत नाही हो बाई. माझ्याच्याने नाही होणार."

"खाली बघायला कोण सांगतंय? तू डोळे मिटूनच ठेव. डाव्या हाताने खांब धरलायस, तो तसाच धर. उजवा हात मोकळा कर. झाला?"

त्याची बोटं एकेक करून सैल झाली. मग तो प्रचंड हात खांबावरून सुटला आणि हवेत अधांतरी थांबला.

"शाब्बास. आता कठड्यावरून बाहेर. अजून बाहेर. आता खाली. कोपरापर्यंत. डूगल, अजून."

"अजून नाही होत."

"बसून नाही होत. अर्धं उठ."

पाळणा हलला. डूगलच्या तोंडून जे निघालं ते मेव्हिसने नंतर बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. पण तो अर्धा उठला. त्याचा हात कठड्याखाली खांद्यापर्यंत आला आणि बोटं उघडझाप करू लागली.

नेमका तेव्हाच वारा आला. दांडा धनुष्यासारखा वाकला. लॉरेनला तळव्यांत ते जाणवलं, चौथ्या नळीतून आलेली बारीक करकर. गॅरेथलाही ऐकू आली असावी, त्याने पकड घट्ट केली. ती वाऱ्याबरोबर गेली. त्याने वाकवलं तेवढं वाकू दिलं. एक, दोन, तीन. वारा सैलावला आणि शेंडा परत आला, आणि परत येता येता तिने त्याला वीतभर डावीकडे नेलं.

पाकीट डूगलच्या बोटांवर आपटलं. बोटं मिटली.

"धरलं," तो म्हणाला. "बाई, मी धरलं."

"फास उचलून घे. वर उचल, ओढू नकोस. आता हात वर. आता तिला दे."

खाली दोनशे माणसं माना वर करून उभी होती. ग्रेटाने पाकिटाची दोरी सोडायचा प्रयत्न केला, जमेना. डूगलने डोळे उघडले, त्याला उघडावेच लागले, आणि दातांनी दोरी तोडली. तिने पंप तोंडाला लावला. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. तिचे खांदे अजून वर-खाली होत होते. मेव्हिसने लॉरेनच्या जॅकेटची बाही मुठीत धरली होती आणि ती पिळत होती. दोन मिनिटं गेली असतील. मग ग्रेटा पाठीला टेकून बसली. तिने एक हात वर केला आणि बहिणीला दाखवून हलवला.

आवाज उठला तो असा की हॉटेलच्या छपरावरचे सीगल उडाले. डेरिकने कुणाला तरी मिठी मारली. तो गॅरेथ निघाला.

मेकॅनिक आला, अँब्युलन्स आली, शिडीची गाडीही आली. पण शिडीची गाडी मिरवणुकीतून वाट काढत पोचेपर्यंत मेकॅनिकने दात्यांत अडकलेला बोल्ट काढला होता आणि नेव्हिलने खिशातला फ्यूज परत दिला होता. निळा पाळणा खाली आला. डूगल उतरला आणि सरळ गवतावर आडवा झाला. ग्रेटा अँब्युलन्सवाल्याच्या हाताला धरून चालत आली.

"तू पर्स माझ्याजवळ का राहू दिली नाहीस?" ती मेव्हिसला म्हणाली.

"तूच दिलीस."

"मी देईन. तू घ्यायची कशाला?"

मेव्हिस रडत होती आणि हसतही होती. लॉरेनचे दोन्ही हात तिने हातात घेतले, मग पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि तिच्या हातात कोंबली.

दांडा उतरवताना चौथी नळी तिसरीवरून सरकेना. शेवटी गॅरेथने आणि लॉरेनने मिळून ती फिरवून सोडवली. राळेची गाठ सुटली होती आणि खाली नखाएवढी रुंद भेग दिसत होती. आतल्या नळीवर तेवढ्याच जागी ओरखडा होता. तिथंच सगळा भार पडला होता.

"आधार नसता तर वाऱ्याच्या पहिल्याच झोताला गेला असता," गॅरेथ म्हणाला. "मी बारा वर्षं हे दांडे विकतोय. पाच वर्षं टिकतो, असं सगळ्यांना सांगतो. आता काय सांगू?"

"धुतला तर बारा, असं सांगा," लॉरेन म्हणाली. "आणि न धुतला तर पाचसुद्धा नाही."

बक्षिसाचं मग काय झालं, तर ते डेरिकला मिळालं. अट पूर्ण लांबीची होती, चौथ्या मजल्यावरच्या काचेची होती, आणि डेरिकने चाळीस फूट उघडून ती काच धुऊन दाखवली. तंबूतल्या दोघा-तिघांनी आवाज चढवला, बक्षीस लॉरेनला द्या म्हणाले. लॉरेनच म्हणाली की नाही, नियम आधी वाचलाय सगळ्यांनी. डेरिकने तोंडदेखला नकार दिला, तो एकदाच, आणि फार हळू आवाजात.

पण माणसं पांगल्यावर गॅरेथ व्हॅनपाशी आला. त्याच्या हातात एक कागद होता, त्यावर त्याने चौथ्या नळीचा व्यास आणि लांबी लिहून घेतली होती.

"जुन्या मापाच्या काही नळ्या आमच्या गोदामात पडून आहेत," तो म्हणाला. "कुणी मागत नाही. मंगळवारपर्यंत एक पाठवतो. बाकीच्या सात अजून चांगल्या आहेत, मी वाजवून पाहिल्यात."

लॉरेनचा चेहरा असा उजळला की नवा साठ फुटी दांडा मिळता तरी तेवढा उजळला नसता. "किती टिकेल?" तिने विचारलं.

"ते तुम्हीच मला कळवा," गॅरेथ म्हणाला.

"चौथीही नवी," लांबून डेरिक ओरडला. "आता तर सावलीही जुनी नाही राहिली."

ती व्हॅनमध्ये बसली आणि किल्ली लावू लागली. किल्ली भोकात जाईना. तिने दुसऱ्यांदा लावून पाहिली, तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं की आपण घराची किल्ली लावतोय. ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना.

"सरक तिकडे," नेव्हिल म्हणाला. त्याने तिला बाजूच्या सीटवर सरकवलं, स्टीअरिंगवर बसला आणि व्हॅन सुरू केली.

"नेव्ह, तो वारा आला ना, तेव्हा," तिने सुरुवात केली, "तेव्हा मला वाटलं गेला. म्हणजे करकर ऐकू आली मला, तुला आली का? आणि तो डूगल, त्याचा हात बघितलास केवढा होता..."

नेव्हिल तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, त्याने सगळं पाहिलं होतं. मिरवणुकीतला बँड समोरून रस्ता अडवून चालला होता, म्हणून तो गाडी हळूहळू पुढे घेत राहिला आणि मधूनमधून म्हणत राहिला, "अस्सं? मग?"

आणि ती गोळ्यांची पुडी फोडून त्याच्या तोंडात एक गोळी घालून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.